कणभर ग्लुटेन: रोजचं किती आणि कधीतरीचं किती?

वाचकाचं पत्र:

"माझं वय ३६. अडीच वर्षांपूर्वी बायोप्सी करून सीलिअ‍ॅकचं निदान झालं. तेव्हापासून गहू, जव, राय पूर्ण बंद. टीटीजी १८० होता, तो ३२ पर्यंत उतरला, पण गेले आठ महिने तिथेच आहे. आमच्या लॅबमध्ये १० च्या आतला आकडा नॉर्मल धरतात. आठवड्यातून एक-दोनदा पोट फुगतं, तोंड येतं, मग दोन दिवस अंगात त्राण राहत नाही. घरात बाकी तिघं गहू खातात. ते म्हणतात, 'कणभराने काय होतंय? तू फार मनाला लावून घेतेस.' आता मलाही वाटायला लागलंय की हे माझ्या मनाचेच खेळ असावेत. दुसऱ्यांच्या घरी पाणी प्यायचं तरी भीती वाटते. नेमकं किती जपायचं? सगळ्या घराचाच गहू बंद करायचा का?"

उत्तर:

मनाचे खेळ नाहीत. पुरावा तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे. सीलिअ‍ॅकमध्ये गहू, जव, राय यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. टीटीजी-आयजीए ही रक्तात मोजली जाणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) काळजी केल्याने वाढत नाहीत, दुर्लक्ष केल्याने कमीही होत नाहीत. ग्लुटेन आतड्यापर्यंत पोचत राहिलं की शरीर ती बनवत राहतं. पथ्य काटेकोर असेल तर बहुतेकांचा आकडा वर्ष-दोन वर्षांत नॉर्मलच्या आत येतो. सुरुवातच मोठ्या आकड्याने झाली असेल तर जास्त वेळ लागतो, पण तो उतरत राहायला हवा. तुमचा १८० वरून ३२ वर आला, म्हणजे तुम्ही पथ्य पाळताय यात शंका नाही. आठ महिने तो ३२ वरच अडला, म्हणजे कुठून तरी थोडं थोडं ग्लुटेन अजून पोटात जातंय, हा पहिला संशय घ्यायला हवा. फक्त एक खात्री करून घ्या: या सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये झाल्या आहेत ना? वेगवेगळ्या लॅबचे किट वेगळे असतात आणि त्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

आता "कणभर" म्हणजे किती, ते वजनात पाहू. घरच्यांना समजावतानाही हाच हिशोब कामी येईल. गव्हाच्या पिठात वजनाच्या साधारण आठ ते दहा टक्के ग्लुटेन असतं. म्हणजे एक ग्रॅम पिठात ८० ते १०० मिलिग्रॅम. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. पथ्यावर असलेल्या ४९ सीलिअ‍ॅक रुग्णांना त्यांनी ९० दिवस रोज एक कॅप्सूल दिली. काहींच्या कॅप्सूलमध्ये ग्लुटेन नव्हतं, काहींच्या १० मिलिग्रॅम आणि काहींच्या ५० मिलिग्रॅम. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्याच्या अस्तराला इजा झाल्याचं दिसलं. ५० मिलिग्रॅम ग्लुटेन म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम पीठ, पाव चमचासुद्धा नाही. १० मिलिग्रॅम बहुतेकांना सोसलं, तरी त्या गटातल्या एका रुग्णाचा आजार मात्र उलटला. सहन करण्याची मर्यादा माणसागणिक बदलते आणि काहींची फार खाली असते, हे त्या एका माणसामुळे विसरता येत नाही. तुमची मर्यादा किती, हे आधी सांगणारी तपासणी उपलब्ध नाही. ती शोधूनच काढावी लागते.

या चाचणीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. कॅप्सूल रोज दिली होती, ९० दिवस. तुमच्या प्रश्नाची किल्ली या "रोज"मध्ये आहे. टीटीजी महिनोन्‌महिने एका जागी अडून राहतो, तेव्हा त्यामागे महिन्यातून एकदा झालेली चूक असण्यापेक्षा रोजच्या ताटातलं काहीतरी असण्याची शक्यता जास्त. तुम्ही मात्र सगळी धास्ती दुसऱ्याच्या घरच्या पाण्याची घेतली आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालंय हे. स्वच्छ धुतलेल्या ग्लासातल्या पाण्यात ग्लुटेन नसतं, ते निर्धास्त प्या. शोधायचं आहे ते स्वतःच्या स्वयंपाकघरात, आणि रोज पोटात जाणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करून.

सगळ्यात आधी तुमचं पीठ तपासा. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, सोयाबीन यांत निसर्गतः ग्लुटेन नसतं, हे खरं. पण ज्या शेतात, ट्रकमध्ये, गोदामात आणि गिरणीत ती जातात तिथे गहूही जातो. २०१० साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला. निसर्गतः ग्लुटेन नसलेल्या, पण तसं प्रमाणित न केलेल्या २२ धान्यांचे, बियांचे आणि पिठांचे नमुने तपासले. त्यांतल्या ७ नमुन्यांत ग्लुटेन २० पीपीएमच्या (किलोमागे २० मिलिग्रॅमच्या), म्हणजे "ग्लुटेन-फ्री"च्या मर्यादेच्या, वर निघालं. सोयाबीनच्या एका पिठात तर ते जवळपास तीन हजार पीपीएम होतं. गिरणीवाला "दगड पुसून घेतो" म्हणाला तरी त्याने भागत नाही. आधीच्या दळणाचं पीठ दगडांच्या खाचांत, पडद्यात आणि नळीत अडकलेलं असतं आणि ते पुढच्या घाण्यात उतरतं. एक किलो ज्वारीच्या पिठात फक्त दोन ग्रॅम गव्हाचं पीठ मिसळलं, तर तिथेच सुमारे १६० ते २०० पीपीएम होतात. असं पीठ चाळून, भाजून किंवा उन्हात घालून सुधारत नाही. दोनच रस्ते उरतात. ग्लुटेन-फ्री म्हणून प्रमाणित केलेलं बंद पाकिटातलं पीठ घ्यायचं, नाहीतर अख्खं धान्य आणून, निवडून, धुऊन, कडकडीत वाळवून, ज्या यंत्रात कधीही गहू दळलेला नाही अशा घरच्या यंत्रात दळायचं.

निवडण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण ते नीट केलं तर फार मोठा फरक पडतो. मसूर घ्या. मसुराच्या पिकात गहू-जवाचे दाणे मिसळून येणं ही जगभरची रड आहे. १०० ग्रॅम मसूर एका पसरट पांढऱ्या ताटात एकाच थरात पसरा. दाणे एकमेकांवर चढू देऊ नका. मोठा ढीग एकदम घेतला की डोळा फसतो. गव्हाचा दाणा लांबट असतो आणि त्याच्या एका बाजूला टोकापासून टोकापर्यंत खोल चीर असते. जवाचा दाणा दोन्ही टोकांना निमुळता, फिकट, बऱ्याचदा अंगाला टरफल चिकटलेला. अख्खा दाणा लगेच दिसतो, फसवतो तो अर्धा तुटलेला तुकडा, कारण तो मसुराच्या सालपटासारखा दिसतो. म्हणून ताट अर्धं फिरवून, उजेड दुसऱ्या बाजूने येईल असं धरून पुन्हा एकदा निवडा. एवढा खटाटोप कशाला, तर गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा असतो आणि त्यात तीन-चार मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. १०० ग्रॅम मसुरात असा एकच दाणा राहिला तरी ३० ते ४० पीपीएम झाले. निवडून झाल्यावर तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा. धुण्याने पिठाची धूळ जाते, दाणा जात नाही. म्हणून निवडणं आधी आणि धुणं नंतर.

ओट्स खात असाल तर आजपासून बंद करा. त्यामागे दोन कारणं आहेत. साध्या ओट्समध्ये गहू आणि जवाची भेसळ इतकी सर्रास असते की ते सीलिअ‍ॅकच्या माणसासाठी नाहीतच. आणि शुद्ध, प्रमाणित ओट्स बहुतेकांना चालत असले तरी थोड्या लोकांचं शरीर ओट्समधल्या अ‍ॅव्हेनिन या प्रथिनालाही प्रतिसाद देतं. तुम्ही त्यांपैकी आहात का, हे आकडा खाली आल्यानंतरच पाहता येईल.

"ग्लुटेन-फ्री" लेबलचा अर्थही नीट समजून घ्या. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाप्रमाणे आणि बहुतेक देशांच्या नियमांत त्याचा अर्थ किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे २० पीपीएमपर्यंत, असा आहे. शून्य असा नाही. पुष्कळ उत्पादनांत प्रत्यक्षात याहून बरंच कमी असतं, पण ते गृहीत धरता येत नाही. एखादी व्यक्ती दिवसाला अशा पाकिटांतलं अर्धा किलो खात असेल आणि सगळंच मर्यादेच्या काठावरचं असेल, तर १० मिलिग्रॅम तिथेच भरतात. त्यावर भांड्यातलं, पिठाच्या धुळीतलं वेगळं. लेबल खोटं नसतं, बेरीज आपल्याला करावी लागते. तुमच्यासारख्या संवेदनशील माणसाने पाकिटबंद ब्रेड, बिस्किटं आणि तयार पिठं यांचा एकूण वाटा कमी ठेवणं शहाणपणाचं.

घटकांच्या यादीत "माल्ट" दिसलं की ते जवाचं समजा, मग ते अर्क असो, चव असो की व्हिनेगर. सोया सॉस बहुतेक वेळा गव्हासकट बनवतात. सूप पावडर, तयार मसाल्यांची मिश्रणं, वेफर्सवरचा मसाला यांत पीठ भर म्हणून येतं. ग्लुकोज सिरप आणि माल्टोडेक्स्ट्रिन गव्हापासून केलेले असले तरी शुद्धीकरणात ग्लुटेन जवळपास सगळं निघून गेलेलं असतं, त्यांना घाबरू नका. नावात "माल्ट" असलं तरी माल्टोडेक्स्ट्रिनचा जवाशी संबंध नाही. "गव्हाचा अंश असू शकतो" ही सूचना अनेक देशांत ऐच्छिक असते. ती दिसली तर पाकीट परत ठेवा. पण ती नाही म्हणजे कारखान्यात गहू नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नका.

आता घराकडे. सगळ्या घराचा गहू बंद करावा का, या प्रश्नाला आमचं उत्तर: सगळा नको, पण सहा महिन्यांसाठी गव्हाचं कोरडं पीठ घराबाहेर ठेवा. कणीक, मैदा, रवा, काहीच नको. घरच्यांनी गव्हाचं खायचं ते बाहेरून तयार आलेलं, ठरलेल्या एका कोपऱ्यात, ठरलेल्या ताटल्यांत. कोरड्या पिठावर एवढा रोख का? कारण मळताना, चाळताना, डब्यातून काढताना ते हवेत उडतं, काही तास तरंगतं आणि मग ओट्यावर, उघड्या भांड्यांवर, तुमच्या ताटातल्या अन्नावर बसतं. श्वासाबरोबर नाकात गेलेलं पीठ घशातल्या कफात अडकून शेवटी गिळलंच जातं. पथ्य पाळूनही बरे न होणाऱ्या दोन शेतकऱ्यांची नोंद २००७ साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. त्यांच्या बाबतीत ग्लुटेन येत होतं ते जनावरांना घालायच्या खाद्याच्या धुळीतून. गव्हाचा भाजलेला तुकडा निदान दिसतो, उचलता येतो, पुसता येतो. उडालेलं पीठ दिसतही नाही.

भांड्यांच्या बाबतीत सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. स्टील आणि काच गुळगुळीत असतात. साबण आणि पाण्याने नीट घासली, खळखळून धुतली की ती दोघांनाही चालतात. चाळणी मात्र कधीच नाही. तुमच्या घरातली चाळणी धुऊन वाळवा आणि खिडकीशी उजेडात धरा. जाळी जिथे कड्यात दाबून बसवलेली असते, तिथे वाळलेल्या पिठाची पांढरट रेघ दिसेल. ब्रशने घासा, पुन्हा वाळवा, पुन्हा पाहा: रेघ तिथेच असेल. तुम्ही ज्वारीचं पीठ त्या चाळणीत घालून कड्यावर हात मारता, तेव्हा त्यातलं थोडं थोडं खाली पडतं, आणि ते रोज. चाळणी, लाटणं, लाकडी कालथा, किसणी, चरे पडलेला नॉनस्टिक तवा आणि भांडी घासायची घासणी, एवढ्या वस्तू स्वतःच्या वेगळ्या ठेवा आणि त्यांच्या दांड्यावर रंगीत पट्टी गुंडाळा. लोणी, जॅम, मध यांच्या बरण्याही वेगळ्या. ब्रेडवर फिरलेला चमचा बरणीत परत गेला की कण आत राहतात आणि पुढे दोन आठवडे त्या बरणीतून ते तुमच्या ताटात येत राहतात.

टोस्टरविषयी उगाच फार भीती पसरली आहे. प्रत्यक्ष मोजमाप केलं तेव्हा सामायिक टोस्टरमधल्या ब्रेडवर ग्लुटेन २० पीपीएमच्या आतच आढळलं. तरी तुम्ही वेगळा ठेवा, कारण तुमची मर्यादा आपल्याला अजून ठाऊक नाही. त्याच संशोधकांनी गव्हाचा पास्ता उकळलेल्या पाण्यात दुसरा, ग्लुटेन नसलेला पास्ता उकळून पाहिला, तेव्हा ग्लुटेन मर्यादेच्या वर गेलं. उकळणारं पाणी ग्लुटेन सगळीकडे पसरवतं. तळणीच्या तेलाचंही तसंच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, गव्हाचे पदार्थ तळलेल्या तेलातच तळलेल्या बटाट्याच्या फ्राइजचे २० नमुने तपासले. ९ नमुन्यांत ग्लुटेन सापडलं, आणि एकूण नमुन्यांपैकी पाव नमुने २० पीपीएमच्या वर होते. तेव्हा बाहेर खाताना "हे ग्लुटेन-फ्री आहे का?" असं मोघम विचारू नका, उत्तर "हो" असंच येतं. तळणीचं तेल कशाकशाला वापरलं, पाणी ताजं घेतलं का, तवा कुठला, असं नेमकं विचारा. खरं तर पुढचे काही महिने बाहेरचं अजिबात नको. ते का, हे पुढे येतंच.

आणखी एक गैरसमज घरोघरी असतो: उकळलं, भाजलं, सॅनिटायझर लावलं की ग्लुटेन मरतं. ते जंतू नाही, मरायला. ते प्रथिन आहे. स्वयंपाकाच्या उष्णतेतही ते टिकून राहतं, अल्कोहोलने नष्ट होत नाही. ते पृष्ठभागावरून घासून, धुऊन काढावं लागतं. साबण, पाणी, घासणं आणि स्वच्छ फडकं, बस. ओटा पुसायला कालच्या पोतेऱ्याचा उपयोग नाही, त्याने कण इकडून तिकडे सरकतात. आधी तुमचा स्वयंपाक करा, झाकून ठेवा, मग घरच्यांचा. हा क्रम पाळला तरी निम्म्या चुका टळतात.

अंगाला लावायच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. ग्लुटेनचा रेणू इतका मोठा असतो की धड कातडीतून तो आत जात नाही. साबण, शाम्पू वापरा. लिपस्टिक, टूथपेस्ट, माउथवॉश यांची यादी मात्र पाहा, कारण ती तोंडात जातात. हाताच्या क्रीमनंतर काही खायचं असेल तर आधी हात धुवा. लहान मुलांच्या खेळण्याच्या रंगीत लगद्यात गव्हाचं पीठ असतं, आणि पाळीव प्राण्याच्या खाद्यातही असू शकतं. हाताळल्यावर हात धुतले की झालं. गोळ्यांमध्ये भरीला स्टार्च वापरतात. तो बहुतेक वेळा मक्याचा असतो आणि गव्हाचा असला तरी त्यातून येणारं ग्लुटेन फारच थोडं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या अंदाजाप्रमाणे एका गोळीमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी. औषधविक्रेत्याला विचारा, पण शंकेपोटी डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करू नका.

आता मुख्य उपाय. अशा अडकलेल्या रुग्णांसाठी एक काटेकोर चाचणी-आहार आहे. तो तीन ते सहा महिने पाळायचा, कायम नाही. त्यामागचा विचार सरळ आहे: ज्यात भेसळ शिरू शकते ते सगळं एकदम काढून टाकायचं. खायचं ते हे: ताजी फळं आणि भाज्या, ताजं मांस, मासे आणि अंडी (मसाला लावलेलं, प्रक्रिया केलेलं मांस नाही), साधा पांढरा किंवा हातसडीचा तांदूळ, निवडून धुतलेली अख्खी कडधान्यं, टरफलातले दाणे आणि सुकामेवा, साधं दूध, साधं दही, लोणी, तेल, मीठ, मध, माल्ट नसलेलं व्हिनेगर. तांदूळ सोडून दुसरं कुठलंही धान्य नाही, कुठलंही पीठ नाही, ओट्स नाहीत, सॉस नाहीत, आणि ग्लुटेन-फ्री लेबल असलेली पाकिटंही नाहीत. २०१३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या आहाराचा अनुभव प्रसिद्ध केला. पथ्य पाळूनही बरे न झालेल्या १७ जणांनी तो पाळला, १४ जणांना गुण आला. त्यांच्या बाबतीत दोष पथ्याचा नव्हता, दोष होता "चालतं" म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या अन्नातल्या भेसळीचा.

हा आहार आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करा. एकट्याने केला तर कॅल्शिअम, ब जीवनसत्त्वं आणि तंतू कमी पडतात, वजनही उतरतं. सगळा भार तांदळावर पडणार असल्याने तो भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाका. तांदळात आर्सेनिक मुरतं आणि या पद्धतीने ते कमी होतं.

सोबत वही ठेवा. वेळ, काय खाल्लं, कुठल्या पाकिटातलं, त्याचा बॅच क्रमांक, आणि त्रास कधी सुरू झाला. त्रास झाला की आधी मागचे सहा तास तपासा, मग मागचे दोन दिवस. मळमळ, उलटी बहुधा एक-दोन तासांतच सुरू होते, तर थकवा आणि तोंड येणं मागाहून येतं. शेवटचं खाल्लेलंच गुन्हेगार, असं धरून बसलात तर निष्पाप पदार्थ बंद होत जातात. लघवीतले आणि शौचातले ग्लुटेनचे अंश शोधणाऱ्या तपासण्याही आता मिळतात. लघवीची तपासणी साधारण गेल्या एक-दोन दिवसांतलं सांगते, शौचाची काही दिवस मागपर्यंतचं. पण लघवीत अगदी बारीक मात्रा निसटू शकते. त्यामुळे अंश सापडले तर ती बातमी पक्की समजा, सापडले नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. अन्नात बुडवायच्या घरगुती पट्ट्यांच्या मर्यादाही ओळखून असा. तुम्ही तपासता तो चमचाभर नमुना आणि ग्लुटेन असलेला तुकडा ताटात दुसरीकडे असू शकतो. सोया सॉससारख्या आंबवलेल्या पदार्थांत प्रथिनाचे तुकडे झालेले असल्याने पुष्कळ पट्ट्यांना ते ओळखता येत नाहीत. आणि ग्लुटेन प्रचंड असेल तरीही पट्टी चुकून "नाही" दाखवू शकते, म्हणून नमुना पातळ करून पुन्हा तपासतात.

तीन महिन्यांनी टीटीजी पाहा. तो उतरू लागला तर कारण भेसळच होती. तो १० च्या आत आला आणि तुम्हाला बरं वाटू लागलं की एकेक पदार्थ परत आणायचा, दोन पदार्थांमध्ये किमान दोन आठवडे सोडून. आधी प्रमाणित पिठं, मग इतर पाकिटं, ओट्स सगळ्यात शेवटी.

टीटीजी खाली आला आणि पोट मात्र फुगतच राहिलं, तर पथ्य आणखी आवळत बसू नका, पोटविकारतज्ज्ञांना दुसरी कारणं शोधायला सांगा. दुधातली साखर न पचणं, लहान आतड्यात जिवाणूंची फाजील वाढ, मोठ्या आतड्याचा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा दाह, स्वादुपिंडाचं कमी पाझरणं, इरिटेबल बॉवेल, ही सगळी सीलिअ‍ॅकसोबत दिसतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. तोंड येणं आणि थकवा यांसाठी तर आत्ताच रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, झिंक, थायरॉईड. लोह कमी असेल तर ग्लुटेनचा एक कण न जाताही दोन-दोन दिवस गळून गेल्यासारखं वाटतं. हाडांची घनता तपासली नसेल तर तीही. टीटीजी नॉर्मल आला म्हणजे आतडं पूर्ण भरून आलं, असंही नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रौढांच्या एका अभ्यासात पथ्य सुरू केल्यापासून दोन वर्षांत ३४ टक्के आणि पाच वर्षांत ६६ टक्के रुग्णांचं अस्तर भरून आलेलं होतं. तुमची अडीच वर्षं त्या मानाने थोडीच आहेत. मात्र वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब होत असतील, ताप येत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

चुकून पोटात गेलंच तर? उतारा नाही. मुद्दाम उलटी काढू नका. ग्लुटेन पचवतात म्हणून विकल्या जाणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्यांवर विसंबू नका, त्यांनी संरक्षण मिळत नाही. पाणी आणि मीठ-साखर घेत राहा, साधं पचेल ते खा, विश्रांती घ्या आणि वहीत नोंद करा. एका चुकीने सहा महिन्यांची मेहनत वाया जात नाही. "थोडं थोडं खाल्लं की सवय होते" हे कुणी सांगितलं तर तिथेच थांबवा. सीलिअ‍ॅकमध्ये सवय होत नाही. त्रास जाणवला नाही तरी आतलं अस्तर झिजतच राहतं.

घरच्यांशी बोलताना "मला त्रास होतो" एवढंच म्हणू नका, त्यावर वाद घालता येतो. रिपोर्ट समोर ठेवा, अर्धा ग्रॅम पीठ कागदावर काढून दाखवा आणि सांगा, "रोज एवढ्याने आतडं सोलवटतं, आणि माझ्या पोटात अजूनही काहीतरी जातंय हे या आकड्यावरून दिसतं. मला सहा महिने द्या." शिवाय आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही एकदा टीटीजी आणि एकूण आयजीए तपासणी करून घ्या. रक्ताच्या नात्यात हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि बऱ्याचदा काहीही त्रास नसताना आढळतो. तपासणी होईपर्यंत त्यांनी गहू खात राहायचा. आधीच बंद केला तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येईल.

या आठवड्यात एवढं करा: नेहमीच्याच लॅबमध्ये टीटीजी आणि वर सांगितलेल्या रक्ततपासण्या, म्हणजे सुरुवातीचा आकडा हाती राहील. आहारतज्ज्ञाची वेळ घ्या. गव्हाच्या पिठाचे डबे घराबाहेर काढा आणि डबे ठेवायची फळी साबणाने धुऊन घ्या. नवी चाळणी आणा. तीन महिन्यांनी दुसरा रिपोर्ट आला की दोन्ही आकडे आणि वहीतली शेवटच्या दोन आठवड्यांची पानं आम्हाला पाठवा, मग पहिला पदार्थ कोणता परत आणायचा ते ठरवू.